पाड्यावर पहिलं घर कोणाचं?

परवा उधव्यात बचतगटाच्या बैठकीत मी विचारलं, "आपल्या पाड्यावर पहिलं घर कोणी बांधलं?" तरुण सुना एकमेकींकडे बघत राहिल्या. कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "माझ्या सासऱ्याच्या आज्यानं. वाघदेव त्यानंच बसवला, विहीरही त्यानंच खणली."

आजींना ही जुनी आठवण वाटते. वनहक्काच्या दाव्यात हाच पुरावा होतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असेल, तर ग्रामसभेकडे दावा करता येतो. नियमांत पुराव्यांची यादी आहे. त्यात वंशावळ, जुनी विहीर, स्मशान, देवाचं ठिकाण आणि म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. एकाहून जास्त पुरावे जोडायचे. जबाब मात्र दावा करणाऱ्याचा स्वतःचा चालत नाही, म्हणून तो शेजारच्या घरातल्या आजा-आजीचा घ्या.

वंशावळ स्वतःपासून सुरू करा. मग सासरे, आजेसासरे, त्यांचे वडील असं वर जा. आपल्यात वारावरून नाव ठेवायची रीत. एका पाड्यावर चार सोम्या, पाच बुध्या निघतात. म्हणून प्रत्येक नावापुढे बापाचं नाव लिहा.

मग तहसील कार्यालयात जुन्या फेरफाराची आणि गाव नमुना १४ ची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदीची, नक्कल मागा. कागदावर 'जिल्हा ठाणे' दिसला तर घाबरू नका. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. तलासरीकडची बरीच गावं १९६० पूर्वी उंबरगाव तालुक्यात होती, तेव्हा तेही नाव सापडेल.

आणखी एक. बैठकीत आम्ही वंशावळ काढली, तर सगळे पुरुषच. त्या आज्याची बायको कोण, हे कोणी लिहिलंच नव्हतं. पाडा काय त्यानं एकट्यानं वसवला? कायद्यानं पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. मग वंशावळीतही बाईचं नाव हवं. आजींना विचारलं, तर त्यांनी लगेच सांगितलं. आजवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या बैठकीला वही-पेन आणा, आणि घरातल्या म्हातारीला हात धरून घेऊन या.