उंच गवताचा हटके फंडा

पेण-रोह्याकडे छोटासा प्लॉट घ्यायचा आणि शनिवारी सकाळी तिकडे गाडी पळवायची, हा ट्रेण्ड आता नवा राहिलेला नाही. घर होतं, हौसेने लॉन लागतं आणि एप्रिलमध्ये ते चक्क वाळून जातं. वाळणारच! माळी नाही, पाणी नाही आणि आपण मुंबईत.

अशा वीकएण्ड-बागायतदारांसाठी उंच, शोभेचं गवत हा मस्त पर्याय आहे. त्याला लागतं काय, तर रोज सहा तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा. ऊन इकडे भरपूर. पण पाऊसही चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास! माझ्या मामाच्या रोह्याच्या प्लॉटवर मी जूनमध्ये बघितलं, तर उतारावरची लाल माती दोन सरींतच रस्त्यावर आली होती. म्हणजे गवत नुसतं दिसायला छान असून चालणार नाही, त्याने माती धरली पाहिजे.

फोटोंमधला पांढऱ्या तुऱ्यांचा पाम्पस कितीही कूल वाटला, तरी तो टाळा. दक्षिण अमेरिकेतलं हे गवत वाऱ्यावर बी उडवत पसरतं. न्यूझीलंडमध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

त्यापेक्षा आपला वाळा घ्या. हो, माठात टाकतो तोच! पाचेक फूट उंच, डौलदार बेट होतं आणि मुळं तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात. १९८०च्या दशकात जागतिक बँकेने मातीची धूप थांबवण्यासाठी भारतात वाळ्याचाच पुरस्कार केला होता. जूनमध्ये पाऊस स्थिरावला, की उताराला आडवी रांग धरून अर्ध्या-अर्ध्या फुटावर फुटवे लावा. पहिल्या पावसाळ्यात मधलं तण काढत राहा. मामी मात्र बजावून सांगते, ‘‘अगं, माठासाठी वाळा हवा तर बाजारातून आण. रांगेतला उपटलास, तर माती पुन्हा रस्त्यावर!’’

सपाट जागी रंग हवा असेल, तर पर्पल फाउंटन ग्रास लावा. तीन-चार फूट वाढतं, पण सावलीत त्याचा जांभळा रंग फिका पडतो. किचनच्या बाजूला गवती चहा. दिसायला झकास आणि सकाळच्या चहाचीही सोय!

आता सगळ्यात महत्त्वाचं. थंडी सरली, की गवत वाळतं आणि डोंगरउतारांवर वणव्याचा सीझन सुरू होतो. म्हणून उंच गवत घराच्या भिंतीपासून दहा फूट तरी लांब ठेवा. फेब्रुवारीत ते फूटभर ठेवून कापा आणि कापलेलं गवत जाळू नका. ते घरापासून दूरच्या झाडांच्या बुंध्याशी पसरा, ओल टिकते.

वर्षातून एक कापणी आणि एका पावसाळ्याची निगा. इतक्या कमी मेंटेनन्सवर ऑफिसातलं मनीप्लॅण्टसुद्धा तग धरत नाही!