जनावर कुणाचं?

टेक्सासातल्या ऑस्टिनहून पश्चिमेला, फ्रेडरिक्सबर्ग-कर्व्हिलच्या दिशेने गाडी हाकणारा मराठी माणूस तासा-दीड तासात हटकून चमकतो. चुनखडीच्या बुटक्या टेकड्या, ओकची खुरटी झाडं, आठ फुटी तारेचं कुंपण आणि त्या तारेपलीकडे रेहेकुरीच्या माळावर चरावा तसा निवांत चरणारा काळविटांचा कळप. थोडं पुढे चितळ दिसतात. तिथून दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताकाठच्या सपाट मुलखात उतरलं तर चक्क रोही म्हणजे नीलगाय, विदर्भातल्या शेतकऱ्याला रात्र-रात्र मचाणावर बसायला लावणारा तोच. तिथे तो मेस्किटच्या झुडपात उभा असतो, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्या सख्ख्या भावकीत. झाड तिकडून इकडे आलं, जनावर इकडून तिकडे गेलं, आणि दोघांनीही नव्या मुलखात उच्छाद मांडला.

हे प्राणी तिथे पोचले ते १९३० च्या आसपास. किंग रँचने रोही आणले ते प्राणिसंग्रहालयातून; चितळ आणि काळवीट १९३२ च्या सुमारास टेकड्यांच्या पट्ट्यात सोडले गेले. किंग रँच म्हणजे रिचर्ड किंग या आगबोटीच्या कप्तानाने १८५३ मध्ये मांडलेला पसारा. आज सव्वाआठ लाख एकर, आणि अजूनही त्याच्याच वंशजांच्या मालकीचा. पाकिस्तानातून काळवीट नामशेष झाला तेव्हा, १९७० च्या सुमारास, लाल सुहानरा उद्यानासाठी बीज म्हणून जी जनावरं पाठवली गेली तीही टेक्सासच्या कुरणांतली होती. पंजाबच्या माळावरचा प्राणी पंजाबात परतला तो अमेरिकन पासपोर्टावर, असं म्हणायला हरकत नाही.

पण हौस म्हणून आणलेली चार जनावरं हजारांवर गेली कशी, आणि लाखो एकरांचे मालक त्यांच्यासाठी गवत का राखू लागले, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर रानात कमी आणि कायद्यात जास्त सापडतं.

टेक्सासची नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. अमेरिकन कायद्यानुसार रानटी जनावर मात्र कुणा एकाचं नाही. ते जनतेचं, आणि जनतेच्या वतीने राज्य सरकारचं. इथलं मूळचं व्हाइट-टेल हरीण रँचवर जन्मतं, तिथलंच पाणी पितं, तरी मालकाला ते विकता येत नाही. त्याचं मांस बाजारात न्यायलाही बंदी. हंगाम सरकार ठरवतं: नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी बंदुकीची शिकार खुली होते, दिवाळीच्या आगेमागेच, आणि त्या पट्ट्यातली गावं तेव्हा जत्रा भरल्यासारखी दिसतात. किती नर, किती माद्या मारायच्या हेही सरकारच सांगतं. मालकाच्या हाती उरते ती फाटकाची किल्ली. ही किल्लीच तो भाड्याने देतो. शहरातले पाच-दहा जण मिळून हंगामापुरती किंवा वर्षभरासाठी रँच घेतात. करारात बंदुका किती, पाहुणे किती, नर कोणत्या वयाचा मारायचा, सगळं लिहिलेलं असतं. परदेशी जनावराचा मामला निराळा. काळवीट, चितळ, रोही हे तिथल्या कायद्याच्या लेखी गाई-गुरांच्या जवळचे. त्यांना हंगाम नाही, मोजणीची मर्यादा नाही, आणि सरकारी तपासणी झाली की मांसही विकता येतं. १९८३ मध्ये निघालेली ब्रोकन ॲरो रँच ही कंपनी कत्तलीची फिरती गाडी घेऊन रानात जाते आणि चितळ-रोह्याचं मांस बड्या हॉटेलांना पुरवते.

मालकांना या किल्लीची किंमत कळली ती दुष्काळात. १९५० ते १९५७ अशी सात वर्षं टेक्सासने भोगली. जुने रँचर अजून त्या काळाचं नाव काढताना आवाज खाली आणतात. त्याआधी दोन-तीन पिढ्यांनी मेंढ्या, अंगोरा शेळ्या आणि गुरं घालून टेकड्या खरवडून काढल्या होत्या. मातीचा थर मुळातच वीतभर, तोही वाहून गेला. पावसाने तोंड फिरवल्यावर गुरं मातीमोल भावाने गेली. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की गवत नसलं तरी शिकारी येतो आणि रोकडा मोजतो. कर्व्हिलजवळचा वाय. ओ. रँच हे त्याचं गाजलेलं उदाहरण. आल्सेसहून आलेल्या कॅप्टन चार्ल्स श्राइनरने तो १८८० मध्ये घेतला होता. भरभराटीच्या काळात या घराण्याकडे साडेपाच लाख एकरांहून जास्त जमीन होती. नातू चार्ल्स श्राइनर तिसरा याने दुष्काळाच्या त्या दशकात शिकारीचा आणि परदेशी जनावरांचा धंदा वाढवला, आणि गुरांनी बुडवलेला रँच हरणांनी तारला. पुढे शेळ्यांनाही उतरती कळा लागली. लोकर-मोहेरला १९५४ पासून मिळणारं सरकारी अनुदान १९९५ पर्यंत बंद झालं आणि अनेक घरांत शेळ्यांची जागा शिकाऱ्यांनी घेतली.

हरणं वाढली त्यामागे मात्र आणखी एक कारण आहे, आणि शिकारीच्या गप्पांत ते क्वचित निघतं. ते कारण म्हणजे एक माशी. स्क्रूवर्म नावाची ही माशी जखमेच्या कडेला अंडी घालते; तिच्या अळ्या सडलेलं मांस खात नाहीत, जिवंत मांस पोखरत आत शिरतात. गोचीड चावल्याची जखमही तिला पुरते. सर्वांत सोयीची जागा म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या पिलाची ओली नाळ. उन्हाळ्यात वासरं जन्मली की रँचवरचे गडी घोड्यावरून दोर टाकून एकेक वासरू आडवं पाडत आणि बेंबीत औषध भरत. दिवसाचे दिवस हेच काम. हरणाच्या पाडसाला कोण धरणार? वाईट वर्षी निम्मी-अर्धी पाडसं या माशीनेच जात. शिकारीवर बंधनं घालूनही हरणांची संख्या दबलेली राही त्यात तिचा वाटा मोठा होता.

एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या दोन कीटकशास्त्रज्ञांनी तिचा काटा काढला तो तिच्याच स्वभावाने. मादी आयुष्यात एकदाच मीलन करते. तेव्हा कारखान्यात कोट्यवधी माशा वाढवायच्या, किरणोत्सर्गाने नर वांझ करायचे आणि विमानातून सोडायचे. वांझ नराशी जुगलेल्या मादीची अंडी फुकट. १९५४ मध्ये कुरसाव बेटावर प्रयोग यशस्वी झाला, १९६२ मध्ये टेक्सासच्या मिशन गावी कारखाना सुरू झाला आणि १९६६ मध्ये अमेरिकेतून माशी हटल्याचं जाहीर झालं. १९७२ ला तिने पुन्हा जोरात डोकं वर काढलं होतं. शेवटचा निपटारा १९८२ चा. पुढे ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून मागे रेटत पनामापर्यंत नेली. दोघांना १९९२ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तो गुरांसाठी होता. हरणांना त्याचा लाभ आयताच झाला.

लांडगे आधीच संपवलेले, माशीही गेली, आणि शिकारी फक्त शिंगं बघून नर टिपणार. मग व्हायचं ते झालं. टेकड्यांवर अमेरिकेतली सर्वांत दाट हरणांची वस्ती झाली. अशा रानात गेलं की झाडांकडे आडवं बघायचं: हरणाचं तोंड जिथवर पोचतं तिथवर पानं सफाचट, आणि त्यावर फुटपट्टीने आखल्यासारखी हिरवळ. जुने ओक उभे असतात, पण त्यांच्या पायाशी एक रोप नसतं. हरणं लहानखुरी, शिंगं काटकुळी, आणि कडक हिवाळ्यात किंवा कोरड्या उन्हाळ्यात मरणारी. भूक हीच तिथली शिकारी झाली.

म्हणजे मालकाला माद्या मारणं भाग होतं, आणि हेच कुणाच्या गळी उतरेना. मादी मारणं म्हणजे पाप, बियाणं खाणं, अशी पिढीजात समजूत. ती मोडायला वन्यजीव-अभ्यासकांना काही दशकं लागली. आल्डो लिओपोल्डने १९३३ मध्ये शिकारी जनावरांच्या व्यवस्थापनावर पहिलं पाठ्यपुस्तक लिहिलं, तेव्हापासून हे शास्त्र विद्यापीठांत होतं; रँचच्या ओट्यावर ते आणलं ते पगारी जीवशास्त्रज्ञांनी. किंग रँचने १९४५ मध्ये व्हॅल लेमन या अभ्यासकाला नोकरीवर ठेवलं, तेव्हा खासगी रँचने असा माणूस पोसणं नवलाचं होतं. आज बऱ्याच रँचवर मारलेलं प्रत्येक हरीण काट्यावर टांगलं जातं. आतडी काढल्यावरचं वजन वहीत चढतं, शिंगांचा घेर फितीने मोजला जातो, आणि मग खालचा जबडा सोडवून धुऊन तारेत ओवून ठेवतात. दाढांवरची पांढरी कड किती झिजली आणि आतला तपकिरी भाग किती रुंद झाला, त्यावरून वय काढायचं. तीन वर्षांच्या माद्यांची वजनं सलग घसरताना दिसली, की रानात तोंडं जास्त झालीत हे वहीच सांगते, आणि पुढच्या हंगामात माद्यांचे परवाने वाढवून मागतात. कुणाही पर्यावरणवाद्याच्या भाषणापेक्षा या वहीने टेक्सासचं रान जास्त राखलं, असं माझं मत झालं आहे.

कर-कायद्यानेही हातभार लावला. पूर्वी शेतजमिनीची करसवलत टिकवायची तर जमिनीवर गुरं-शेळ्या दाखवाव्या लागत, मग गवत मेलं तरी चालेल. १९९५ मध्ये टेक्सासच्या मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि वन्यजीव राखणं हेही शेतीतच धरलं गेलं. अधिवास सुधारणं, धूप थांबवणं, हिंस्र प्राण्यांचा बंदोबस्त, पाणी, चारा, निवारा, शिरगणती या सातांपैकी किमान तीन कामं केली की सवलत कायम.

शिकारीशिवायही जमीन सावरते याचा दाखला ब्लँको काउंटीत आहे. फ्राइड चिकनच्या धंद्यात पैसा केलेल्या जे. डेव्हिड बँबर्गरने १९६९ मध्ये मुद्दाम हलक्यातली हलकी साडेपाच हजार एकर जमीन घेतली. पाचपाचशे फुटांचे सात बोअर मारले, सगळे कोरडे. त्याने माजलेले सीडर उपटले, गवताचं बी पेरलं, आणि काही वर्षांत आटलेले झरे पाझरू लागले. हिवरे बाजारची चराईबंदी ठाऊक असलेल्याला यात चमत्कार वाटणार नाही. फक्त इथे एका माणसाचा निर्णय पुरला, ग्रामसभा लागली नाही.

आता या नाण्याची काळी बाजू. जिथे शिंगाला पैसा, तिथे शिंगाची पैदास आलीच. कुंपणं आठ फुटांची झाली, ठरल्या वेळी मका उडवणारी तिपाई यंत्रं जागोजागी उभी राहिली, आणि काही जण सरकारी परवान्यावर हरणांचं कृत्रिम रेतन करून नर विकू लागले. मका खायला सवकलेल्या नरावर डब्यासारख्या खोलीतून नेम धरणं याला शिकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. निसर्गानेही हिशेब मागितलाच. मेंदू पोखरणारा, प्रथिनाच्या विकृतीतून होणारा, हरणाला झिजवून मारणारा रोग टेक्सासात २०१२ मध्ये रानटी हरणांत आणि २०१५ मध्ये मदिना काउंटीतल्या पैदास केंद्रात सापडला. त्याला औषध नाही, आणि त्याचं विष मातीत वर्षानुवर्षं टिकतं. एका कुंपणातून दुसऱ्या कुंपणात गाडीतून फिरणारी हरणं तो गावोगाव नेऊ शकतात.

रोह्याने निराळंच संकट आणलं. गुरांना ताप आणणाऱ्या गोचिडीविरुद्ध अमेरिकेने १९०६ पासून मोहीम चालवली आणि १९४३ पर्यंत ती रिओ ग्रांदे नदीकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यात कोंडली. गुरं हाकून औषधात बुचकळता येतात. रोही हाकलला जात नाही. तो मैलोन्‌मैल भटकतो, कुंपणाखालून अंग चोरून निघतो आणि गोचीड घेऊन जातो. मग संशोधकांनी त्याच्या वाटाच हेरल्या. ज्या फटीतून तो नेमाने जातो तिथे आपोआप सुरू होणारे फवारे लावले. ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालायची त्याची खोड विदर्भात कुणालाही माहीत असते. तिकडे तिच्यावर शोधनिबंध निघतात. काही भागांत सरकार हेलिकॉप्टरमधून रोही मारतं, आणि जवळच्याच रँचवर त्याच जनावरासाठी शिकारी पैसे मोजतो.

आपल्याकडे हेच जनावर कुणाचं? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते राखलं, आणि ते योग्यच झालं; संस्थानिकांच्या काळात कोल्हापुरात शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडले जात, त्या खेळाला कुठेतरी लगाम हवाच होता. पिकाची नासाडी करणारा रोही मारायची परवानगी वनखातं देऊ शकतं, पण मेलेलं जनावर सरकारजमा. शेतकऱ्याच्या वाट्याला नासाडी आणि भरपाईचा अर्ज. बिहारने २०१६ मध्ये केंद्राच्या मंजुरीने मोकाम्यात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक रोही मारले, तेव्हा दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर खडाजंगी झाली; शेतकऱ्याला त्या मांसातून दमडी मिळाली नाही. म्हणून टेक्सासचा नमुना उचलावा काय? मला तसं वाटत नाही. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा दीड हेक्टरही नाही. रोही एका रात्रीत वीस सातबारे ओलांडतो. किल्ली कुणाकडे ठेवणार?

आणि वाटण्या तिकडेही चुकलेल्या नाहीत. वारस वाढले, जमिनीचे भाव वाढले, ऑस्टिन-सॅन अँटोनिओची शहरं टेकड्या चढू लागली. श्राइनरांचे साडेपाच लाख एकर पिढ्यांगणिक फुटत गेले आणि २०१५ च्या सुमारास वाय. ओ. चं उरलेलं मुख्य ठाणंही विकलं गेलं. दहा-वीस एकरांच्या तुकड्यावर हरणांची वही कोण लिहिणार?

त्यातच माशी परत निघाली आहे. पनामाची फळी ओलांडून स्क्रूवर्म मध्य अमेरिकेतून वर सरकली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात दक्षिण मेक्सिकोत सापडली. अमेरिकेने तिथून येणारी गुरं थांबवली. २०२५ च्या जूनमध्ये टेक्सासच्या मूर हवाई तळावर वांझ माशा सोडण्याचं केंद्र उभारायची घोषणा झाली. १९६० च्या दशकात वासरू पाडून बेंबीत औषध भरणारे गडी रँचोरँची होते. आता ते उरलेले नाहीत, आणि हरणं पन्नास लाखांच्या पुढे आहेत.