दहावी, दाखला आणि नापासाचा शिक्का

‘आठवीपर्यंत परीक्षाच नव्हती, म्हणून पोरं दहावीत आपटतात.’ पेण-रोह्याकडे हे पालकांच्या तोंडी कायम असतं. ते खरं नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमानं आठवीपर्यंत मुलाला मागच्या वर्गात ठेवायला आणि शाळेतून काढायला मनाई केली, परीक्षेला नव्हे. आकारिक आणि संकलित मूल्यमापन चालूच होतं. बऱ्याच ठिकाणी ते नुसतं कागदावर उरलं, हे मात्र खरं.

आता भीती उलटी आहे. पाचवी-आठवीत नापास झालं की नाव कमी होतं, असं वाड्यांवर सांगितलं जातं. २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यांना या दोन इयत्तांत नापास करण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्रानं २०२३-२४ पासून ती वापरली. पण नापास मुलाला आधी जादा शिकवणी आणि दोन महिन्यांत पुनर्परीक्षा मिळते. तिथंही जमलं नाही, तरच तोच वर्ग पुन्हा. आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. कातकरी वाड्यांवर तर हे घरोघर जाऊन सांगायला हवं. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, मूलही बरोबर जातं आणि परतेपर्यंत वार्षिक परीक्षा उरकलेली असते. अशा मुलाला कुणी ‘तुझं नाव गेलं’ म्हटलं, की ते पुन्हा शाळेकडे फिरकत नाही.

दहावीत प्रत्येक विषयात पस्तीस हवेतच, हेही अर्धवट. रायगड मुंबई विभागीय मंडळात येतो, पण नियम राज्यभर एकच. गणितात २८ आणि विज्ञानात ४५ मिळवणारी मुलगी पास असते, कारण दोन्ही मिळून ७० आणि प्रत्येकी किमान २५ लागतात. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा पावसाळ्यातच होते. आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापासांनाही खुले आहेत. शाळा सोडल्याचा दाखला तर नापासालाही मिळतो. मंडळाचं प्रमाणपत्र वेगळं.

नापासालाही इतक्या वाटा असतील, तर मग दहावीची परीक्षा काढूनच टाकावी का? आकडे बघा. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेनं द्यायचे २० गुण बंद होते. निकाल ७७.१० टक्के लागला. (अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता.) पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा ९९.९५ टक्के. एका वर्षात मुलं एवढी बदलत नाहीत, बदलतो तो गुण देणारा हात. म्हणूनच वाडीवरच्या मुलीचा पेपर तिला न ओळखणाऱ्या परीक्षकानं तपासावा, असं मला ठामपणे वाटतं. तिच्या घराची ओळख नसली तरी तिचे गुण कुणाला नाकारता येत नाहीत.

पण त्या पेपरावर तिची दहा वर्षं तोलू नयेत. रोह्याशी घराण्याचं नातं असलेले आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले, ती मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. पुढच्या दारातून कुणाला आत घ्यायचं, एवढंच ती ठरवायची. दहावीकडूनही तेवढंच काम घ्यावं.

घरात कुणाचा विषय राहिला असेल, तर निकालाच्या आठवड्यातच शाळेत जा. पुरवणीचा अर्ज शाळेमार्फतच भरला जातो आणि त्याची मुदत थोडी असते.