भूत कशासाठी येते? भयपटांचा प्रवास, कडगंचीहून पाहिलेला

मंडळात दाखवायच्या सिनेमांची यादी करताना तरुण मंडळींनी भयपट सुचवला आणि ज्येष्ठांपैकी काहींनी नाक मुरडले. गुरुचरित्राच्या गावात भुताचा सिनेमा कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर गुरुचरित्रातच आहे असे आम्हाला वाटते.

कडगंची हे सायंदेवांचे गाव. त्यांच्याच वंशातील सरस्वती गंगाधरांनी, घरची भाषा कानडी असताना, मराठी ओवीत गुरुचरित्र लिहिले. त्यात शिरोळच्या एका स्त्रीची कथा आहे. तिची मुले जन्मतात आणि दगावतात. कारण मागच्या जन्मीचे निघते. तिने एका ब्राह्मणाचे पैसे बुडवले, त्याने जीव दिला, आणि आता तो पिशाच होऊन वसुली करतो आहे. औदुंबराची सेवा आणि दान झाल्यावर त्याला गती मिळते, तिची मुलेही जगतात. म्हणजे आपल्याकडचे भूत उगाच येत नाही. कोणाचे तरी देणे राहिलेले असते, म्हणून ते येते.

विलायती भयपटाची सुरुवात वेगळी. ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा जर्मन मूकपट घ्या किंवा अमेरिकेतला ‘ड्रॅक्युला’ (१९३१), त्यातला रक्तपिपासू जहाजातून परक्या मुलुखातून येतो. भीती बाहेरच्या माणसाची. आपल्या गोष्टीत भूत त्याच घरातले, त्याच पिंपळावरचे, बहुतेक वेळा नात्यातले.

हिंदी सिनेमाने आधी भूत दाखवले आणि लगेच ते खोटे ठरवले. बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’मध्ये (१९४९) मधुबाला अखेर माळ्याची मुलगी निघते. पुढे रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’पासून (१९७२) भूत खरे केले, पण त्यांचे हवेली, तळघर, शवपेटी हे सामान बरेचसे उसने होते. त्या भुताला आपल्या आजीने ओळखले नसते.

मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) आला तो निराळ्या वाटेने. आशा काळे यांनी रंगवलेल्या नायिकेच्या भीतीचे मूळ भुतात नाही, तिच्या मनात आहे. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) भूत रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात शिरले. कल्पना अमेरिकन सिनेमावरून घेतलेली, पण तात्या विंचू इतका आपला झाला की आमच्या पिढीतली मुले त्याला हसायचीही आणि रात्री अंगणात जायला घाबरायचीही.

अस्सल आपली भीती पडद्यावर यायला अलीकडची वर्षे उजाडावी लागली. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मागे (२०१८) नारायण धारपांच्या भयकथेची प्रेरणा आहे. भाषा हिंदी, पण वाडा, पाऊस, शापित आजी आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेला सोन्याचा हव्यास हे सारे मराठी. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’त (२०२४) मुंजीनंतर लगेच मेलेला मुलगा लग्नाचा हट्ट धरून बसलेला आहे. हेही राहिलेले देणेच.

आमच्या मते या सर्वांत अस्वस्थ करणारा सिनेमा विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७). सावकारांना चुकवत एक गरोदर बाई नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या घरी येते. तिथे ज्या मुलांचा वावर आहे त्यांच्यामागे मुलगी नको म्हणून केलेल्या हत्या आहेत. उसाचा फड कसा असतो हे आपल्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. दोन पावले आत गेलेला माणूस दिसत नाही. पुढे याच दिग्दर्शकाने ‘छोरी’ (२०२१) नावाने तो हिंदीत केला.

कानडीचे ऋणही विसरू नये. रात्री दार ठोठावणाऱ्या चेटकिणीला परतवण्यासाठी कर्नाटकात दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, लिहीत. त्याच आख्यायिकेवरून ‘स्त्री’ (२०१८) उभा राहिला. आपली शाळकरी मुले ते दोन शब्द मुळातून वाचू शकतात, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना जरूर सांगावे. अनंत नाग यांचा ‘ना निन्न बिडलारे’ (१९७९) तर आपल्याकडच्या अनेक घरांनी पाहिलेला असेल. त्यात झपाटलेल्या नायकाला अखेर राघवेंद्र स्वामींचा आधार मिळतो.

इथे एक गोष्ट थोडी थांबून बोलली पाहिजे. गाणगापूर आपल्याला जवळ. आपण सारे तिथे दर्शनाला जातो, आणि आरतीच्या वेळी घुमणारी, किंचाळणारी, खांबांवर चढू पाहणारी माणसे पाहतो. सिनेमात असे दृश्य आले की प्रेक्षागृहात शिट्या वाजतात. पण तिथे त्या बाईच्या मागे तिचा भाऊ उभा असतो, हातात पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन. कधी आठ दिवस, कधी महिनाभर ते तिथेच राहतात. श्रद्धेबद्दल आम्हाला काही बोलायचे नाही. घरात कुणाची झोप उडाली, कुणी एकटेच बोलू लागले, तर दत्तमहाराजांच्या दर्शनाबरोबर कलबुर्गीच्या मनोविकारतज्ज्ञांकडेही न्यावे, लाज बाळगू नये, एवढेच सांगणे आहे. आणि देवळात असे कुणी दिसले तर मोबाइलवर चित्रण करू नये. मागच्या वेळी आपल्याच गटातल्या मुलांनी ते केले होते. सांगितल्यावर पुसलेही.

तर मंडळात आधी ‘हा खेळ सावल्यांचा’ दाखवावा आणि मग ‘मुंज्या’, अशी आमची सूचना आहे. ‘तुंबाड’ला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे, तो मुले झोपल्यावर. ‘लपाछपी’ मात्र सासू-सुनांनी एकत्र बसून पाहावा, आणि घरातल्या पुरुषांनी स्वयंपाक सांभाळावा.