शंकरपाळ्यांची जाळी

बीडच्या सुभाष रोडवर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फुटका ‘कॉम्बो’ उतरवताना बघावा. आधी फोन शेकायचा, गोंद सैल झाला की कडेने पत्ती फिरवायची. कॉम्बो म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र. बंद असताना तिरका धरला की टचची पुसट नक्षी कधीकधी दिसते. तिथंच आता अँटेना बसवायची खटपट चालली आहे.

5जीच्या वरच्या पट्ट्यात, 28 गिगाहर्ट्झला, लहर जेमतेम 11 मिलिमीटरची. पंजा आड आला तरी अडते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन 12च्या कडेला तिच्यासाठी लांबट खिडकी आहे. पण फोन धरताना बोटं कडेलाच येतात! पडदा तेवढा उघडा राहतो.

टचमधलं इंडियम टिन ऑक्साइड पारदर्शक, पण वीज वाहून न्यायला धातूपुढे कच्चं. म्हणून दक्षिण कोरियातल्या पोस्टेक विद्यापीठात वोनबिन हाँग यांच्या गटाने धातूची जाळी घेतली. घरं शंकरपाळ्याच्या आकाराची, तारा केसाहून बारीक. प्रकाश घरांतून निघून जातो. रेडिओ लहरीला मात्र ती घरं इतकी बारीक, की तिच्या लेखी तो सलग पत्राच. पण जाळी अँटेनापुरतीच ठेवली तर पडद्यावर डाग दिसेल. म्हणून आजूबाजूलाही तीच जाळी, फक्त तिच्या तारा जागोजाग तोडलेल्या. मला सगळ्यात आवडली ती ही लबाडी.

आपल्याकडे नारायणगावजवळ खोडद परिसरात रेडिओ दुर्बीण उभारताना शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी जाळीचाच आधार घेतला. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, पण पत्रा नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या स्टीलच्या तारांची जाळी. वारा आरपार जातो, लहर परत फिरते.

बीडचं काय? असाच वरचा, 26 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात 2022च्या लिलावात होता. पण बालाघाटची टेकडी ओलांडणं या लहरींच्या आवाक्यातलं नाही. पाटोद्याकडच्या वाडीला 700 मेगाहर्ट्झसारखा खालचा पट्टाच बरा. वरचा शोभेल गर्दीच्या बसस्थानकात.

आज तडकलेल्या काचेला सेलोटेप लावूनही फोन चालतो. अँटेना आत गेल्यावर मात्र दुकानातला नेहमीचा प्रश्न, ‘ओरिजिनल टाकू का कॉपी?’, जड होईल. कॉपीवर चित्र दिसेल, टचही चालेल. जाळी आत आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? ती तर दिसू नये म्हणूनच केलेली.