इंग्रजी शब्द पाठ होतात, पण ऐनवेळी आठवत का नाहीत? यादीऐवजी संदर्भातून शब्द शिकण्याची पद्धत समजून घ्या

नाशिक : मोबाइल चार्जला लावला. नव्या साहेबांनी चार्ज घेतला. पोलिसांनी चार्जशीट दाखल केली. बँकेने चार्जेस कापले. वाक्ये चार, शब्द एकच आणि अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा. यातला एकही अर्थ आपण शब्दकोश उघडून पाठ केलेला नाही, तरी वापरताना गोंधळ होत नाही. मात्र हाच माणूस स्पर्धा परीक्षेसाठी किंवा मुलाखतीसाठी ५०० शब्दांची यादी पाठ करतो, तेव्हा महिनाभरात त्यातले बहुतेक शब्द विसरतो. असे का होते? आणि 'चार्ज' जसा आपोआप आला, तसे बाकीचे शब्द आणता येतील का?

यादीतला शब्द डोक्यात का टिकत नाही?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिले. अर्थ नसलेले अक्षरगट ते पाठ करायचे आणि किती वेळाने किती विसरले याची नोंद ठेवायचे. सर्वाधिक विसर सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत पडतो, असे त्यांना दिसले. आपल्या ओळखीच्या कशाशीही न जोडलेला इंग्रजी शब्द हा आपल्यासाठी जवळपास तसाच अक्षरगट असतो.

दुसरी अडचण यादीच्या रचनेची. 'अडॉप्ट' म्हणजे स्वीकारणे किंवा दत्तक घेणे, 'अडॅप्ट' म्हणजे जुळवून घेणे. अकारविल्हे यादीत हे दोन्ही शब्द जवळजवळ येतात आणि एकमेकांत मिसळतात.

तिसरी अडचण अर्थाची. यादीत एका शब्दापुढे सहसा एकच अर्थ असतो. 'यील्ड' म्हणजे उत्पादन, एवढेच पाठ केले तर शेतीची बातमी कळेल. पण रोख्यांच्या बातमीत 'यील्ड' म्हणजे परतावा, मेकॅनिकलच्या पुस्तकात 'यील्ड पॉइंट' म्हणजे जिथून पुढे धातू कायमचा वाकतो ती मर्यादा आणि परदेशातल्या रस्त्यावरच्या पाटीवर 'यील्ड' म्हणजे समोरच्या वाहनाला आधी जाऊ द्या.

संदर्भ म्हणजे नेमके काय?

शब्द कोणत्या वाक्यात आला, कोणत्या प्रसंगी आला आणि त्याच्या शेजारी कोणते शब्द बसले, या तिन्ही गोष्टी म्हणजे संदर्भ. शब्दाची खरी ओळख त्याच्या संगतीवरून होते, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडला.

मराठीतला 'कडक' शब्द घ्या. कडक चहा इंग्रजीत 'स्ट्राँग टी' होतो. कडक शिस्त 'स्ट्रिक्ट डिसिप्लिन' होते. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधून छापून येणारी कोरी, कडक नोट मात्र 'क्रिस्प नोट' असते. आपण जोराचा पाऊस म्हणतो आणि जोराचा वाराही म्हणतो, पण इंग्रजीत पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. 'कडक म्हणजे स्ट्राँग' एवढेच पाठ करणारा 'स्ट्राँग नोट' म्हणणार. त्यामुळे सुटा शब्द लिहून न ठेवता जोडी लिहून ठेवणे फायद्याचे.

द्राक्षबागेत आणि एमआयडीसीत हे रोज घडते

निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षबागांमध्ये थिनिंग, डिपिंग, डाउनी, क्रॅकिंग, रेसिड्यू हे शब्द शाळेत इंग्रजीचा धसका घेतलेले शेतकरीही सहज बोलतात. कारण शब्द आणि काम एकाच वेळी शिकले. पुढची पायरी एवढीच, की हे माहीत असलेले शब्द बागेबाहेर ओळखायचे.

- थिनिंग : बागेत घडातले मणी विरळ करणे. 'थिन' म्हणजे पातळ, विरळ किंवा बारीक. म्हणून 'थिनिंग हेअर' म्हणजे विरळ होत चाललेले केस आणि रंग पातळ करणारा तो 'थिनर'.
- डिपिंग : घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे. 'डिप' म्हणजे बुडवणे किंवा खाली जाणे. हिवाळ्यात निफाडचा पारा घसरला की इंग्रजी बातमीत 'टेम्परेचर डिप्स' असे येते.
- डाउनी : बागेतला रोग. मूळ अर्थ मऊ लव असलेला. या रोगात पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी लवेसारखी दिसते, म्हणून ते नाव.
- रेसिड्यू : औषधाचा मालात उरलेला अंश. त्यावरून 'रेसिड्युअल' म्हणजे उरलेला, शिल्लक.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्येही हेच चालते. लेथवर काम करणाऱ्याला 'टॉलरन्स' म्हणजे मापातली चालणारी तफावत, हे समजावून सांगावे लागत नाही. एरवी इंग्रजीत 'टॉलरन्स' म्हणजे सहनशीलता. 'झीरो टॉलरन्स'ची घोषणा त्याच्या कानावर पडते तेव्हा अर्थ अर्धा त्याच्या हातात असतोच : तसूभरही चालवून घेणार नाही.

मग नुसते वाचत सुटले तर चालेल?

नाही. 'रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचा' हा सल्ला सगळ्यांनाच लागू होत नाही. संदर्भावरून अर्थ लागायचा तर आजूबाजूचे जवळपास सगळे शब्द कळावे लागतात. हू आणि नेशन या संशोधकांनी २००० मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत हवेत. म्हणजे २५० शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द साधारण ५. पानावर २५ शब्द अडत असतील, तर तिथे संदर्भच उरत नाही.

पॉल नेशन यांच्याच २००६ मधल्या अभ्यासात इंग्रजी कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रांसाठी ८ ते ९ हजार शब्दकुटुंबे लागतात, असा अंदाज आहे. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे. सुरुवातीला मात्र नेहमी लागणारे २ हजार शब्द पक्के करणे पुरेसे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये अशा सुमारे २ हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. या पहिल्या टप्प्यासाठी याद्या आणि चिठ्ठ्या उपयोगाच्या आहेत आणि नेशन स्वतःही त्यांच्या बाजूने आहेत. फक्त त्यावरच थांबू नये.

सोपा उपाय : जी बातमी मराठीत वाचली, तीच नंतर इंग्रजीत वाचा. कांद्याचे लिलाव बंद पडले, गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला, सामना शेवटच्या षटकात जिंकला. काय घडले ते आधीच माहीत असल्याने 'ऑक्शन' किंवा 'डिस्चार्ज' कोणता, हे वाचतानाच उमगते.

आपल्याच इंग्रजी शब्दांचे सापळे

स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकताना एक सोय असते. दोन्ही भाषांत लॅटिनमधून आलेले असंख्य शब्द सारखे आहेत. मात्र काही फसवे निघतात. इंग्रजीत 'एम्बॅरस्ड' म्हणजे ओशाळलेला, पण त्याच्यासारखा दिसणारा स्पॅनिश शब्द 'एम्बारासादा' म्हणजे गर्भवती.

आपल्याकडे लॅटिनचा वारसा नाही, पण मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत. सोयही त्यांचीच आणि सापळेही त्यांचेच.

- हॉटेल : आपण मिसळ खायला हॉटेलात जातो. इंग्रजीत 'हॉटेल' म्हणजे मुक्कामाची जागा, जेवणाचे ते 'रेस्टॉरंट'.
- लाइट गेली : इंग्रजीत 'पॉवर कट' किंवा 'पॉवर आउटेज'.
- कॉपी : परीक्षेतली कॉपी म्हणजे 'चीटिंग'.
- डाउट : 'आय हॅव अ डाउट' भारतात सगळ्यांना कळते. परदेशी माणसाला मात्र तुमचा त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही, असे वाटू शकते. शंका विचारायची असेल तर 'आय हॅव अ क्वेश्चन'.
- पास आउट : आपण कॉलेजमधून 'पास आउट' होतो. इतरत्र याचा नेहमीचा अर्थ बेशुद्ध पडणे. पदवीसाठी 'ग्रॅज्युएट' हा शब्द बिनधोक.

मराठी माध्यमातल्या मुलांना याचा काय उपयोग?

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मराठी माध्यमातली मुले अडखळताना आम्ही वर्गात पाहिली. अडचण अवघड शब्दांची नव्हती, ओळखीच्या शब्दांची होती. 'मोमेंट' म्हणजे क्षण, हे सगळ्यांना माहीत होते. मेकॅनिक्सच्या तासाला तोच शब्द बलाच्या फिरवण्याच्या परिणामासाठी आला आणि वाक्य कळेना. अशा वेळी शब्दकोशापेक्षा पाना आणि नटबोल्ट लवकर समजावतात : पाना जितका लांब, तितका नट सोपा फिरतो, तो 'मोमेंट'.

रोजच्या २० मिनिटांत काय कराल?

1. आवडीच्या विषयावरचा छोटा इंग्रजी मजकूर घ्या. एका पानावर ५-६ पेक्षा जास्त शब्द अडले, तर त्याहून सोपा घ्या.
2. अडलेल्या शब्दाचा आधी अंदाज बांधा, मगच शब्दकोश बघा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश मोबाइलवर मोफत बघता येतात आणि त्यांत उदाहरणाची वाक्येही असतात.
3. वहीत शब्द लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा. त्याखाली तोच शब्द वापरून स्वतःच्या घरातले किंवा कामातले एक वाक्य लिहा.
4. दिवसाला ५ शब्द पुरे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पान उलटून पुन्हा बघा.
5. व्हिडिओ बघताना सबटायटल इंग्रजीच ठेवा. कानावर पडलेला शब्द डोळ्यांनाही दिसतो.

अंदाज कुठे बांधू नये?

'द लॉस वॉज नेग्लिजिबल' या वाक्यात नुकसान मोठे झाले असे कुणालाही वाटू शकते. प्रत्यक्षात अर्थ उलटा आहे : नुकसान नगण्य झाले. गोष्टीच्या पुस्तकात असा अंदाज चुकला तर पुढच्या पानावर कळते. औषधाची चिठ्ठी, कीटकनाशकाच्या डब्यावरच्या सूचना, कर्जाचा करार आणि नोकरीचे नियुक्तिपत्र इथे पुढचे पान नसते. शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, हे सांगणारी डब्यावरची ओळ चुकीची समजली, तर रेसिड्यूमुळे निर्यातीचा माल परत येऊ शकतो. अशा ठिकाणी शब्द न् शब्द तपासा, गरज पडली तर जाणकाराला विचारा.

शब्द खरेच आला, हे कसे ओळखायचे?

त्याचा मराठी अर्थ सांगता आला म्हणजे शब्द आला असे नाही. न अडखळता त्या शब्दाचे तुमच्या स्वतःच्या कामाबद्दलचे एक वाक्य बोलता आले, तर तो तुमचा झाला. नाही आले, तर उद्याच्या पाचांत तो पुन्हा घ्या.