शस्त्रखरेदी आणि गुंतवणुकीचें गणित

प्रपंची मनुष्य आपली पुंजी एकाच ठिकाणीं ठेवीत नाहीं. कांहीं जमिनींत, कांहीं सोन्यांत, कांहीं पेढीवर अशी ती विभागतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. या शहाणपणास गणिताचें रूप १९५२ सालीं हॅरी मार्कोवित्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें दिलें. त्याबद्दल १९९० सालीं त्यांस नोबेल पारितोषिकांत वाटा मिळाला. त्यांच्या सिद्धांताचें मर्म असें कीं, एखादा शेअर एकटा किती चांगला हें पाहून भागत नाहीं. दुसरे शेअर बुडत असतां तो त्यांच्याबरोबर बुडतो कीं तरतो, हें पाहावें लागतें. एकाच कारणानें कोसळणारे दोन उत्तम शेअर जोखमीच्या दृष्टीनें एकच समजावेत.

हें गणित आतां राष्ट्रांच्या शस्त्रखरेदीसही लावण्यांत येतें. कोणी म्हणेल, तोफा आणि शेअर यांचा संबंध काय? आमच्या मतें तो निकट आहे, व स्कायबोल्ट प्रकरणांत तो स्पष्ट दिसतो.

स्कायबोल्ट हें विमानांतून सोडावयाचें अमेरिकन क्षेपणास्त्र. १९६० सालीं ब्रिटननें 'ब्लू स्ट्रीक' हें स्वतःचें क्षेपणास्त्र अस्त्र म्हणून सोडून दिलें आणि आपल्या व्हल्कन विमानांसाठीं स्कायबोल्ट घेण्याचें ठरविलें. यांत खर्चाची बचत होती खरी. पण पुढील काळाची सारी भिस्त परक्यांच्या, अद्याप सिद्ध न झालेल्या अस्त्रावर राहिली. चाचण्यांत एकामागून एक अपयश आलें, खर्च फुगत गेला, आणि १९६२ च्या अखेरीस अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनीं ती योजना बंद करविली. अमेरिकेचें त्यावांचून फारसें अडलें नाहीं. तिच्यापाशीं जमिनींतील मिनिटमन व पाणबुड्यांवरील पोलॅरिस हीं क्षेपणास्त्रें होतीं. स्कायबोल्ट ज्या कारणानें फसलें, त्या कारणानें तीं फसणारीं नव्हतीं. लंडनमध्यें मात्र हलकल्लोळ उडाला. पंतप्रधान मॅक्मिलन यांस डिसेंबरांत बहामा बेटांतील नॅसॉ येथें अध्यक्ष केनेडींकडे पोलॅरिस मागावें लागलें. तें मिळालें, पण पहिली ब्रिटिश पोलॅरिस पाणबुडी गस्तीवर निघावयास १९६८ साल उजाडलें. मौज अशी कीं, नॅसॉचा करार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, २२ डिसेंबरला, स्कायबोल्टची चाचणी यशस्वी झाली!

अस्त्र तेंच, अपयशही तेंच. पण एका घरीं तें अनेकांतील एक होतें, दुसऱ्या घरीं एकुलतें एक.

अर्थात् शस्त्रांस हें गणित जसेंच्या तसें लागू पडत नाहीं. शेअर थोडे थोडे घेतां येतात. अर्धी पाणबुडी घेतां येत नाहीं. शेअराचा भाव बाजारांत रोज ठरतो. न झालेल्या युद्धांतील उपयोगाचा भाव कोठेंच लागत नाहीं. म्हणून जाणत्या अधिकाऱ्यांकडून प्रत्येक योजनेस गुण देववितात, आणि ठरीव रकमेंत कोणता संच अधिक गुणांचा व कमी धोक्याचा, हें संगणकाकडून काढवितात. आम्हीं आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या असल्यामुळें येथें शंका येते ती अशी कीं, ज्या दलास योजना हवी त्याचेच अधिकारी गुण देऊं लागले, तर परीक्षार्थीच परीक्षक झाला. अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासनीस कचेरीनें २००७ सालीं संरक्षणखात्यास असाच ठपका दिला : प्रत्येक दल आपापली मागणी पुढें रेटतें, सर्वांचा एकत्र विचार होत नाहीं, आणि पुरेल त्याहून अधिक योजना हातीं घेतल्या जातात.